लिफ्टमधलं विमान, गाढवासह

आप्पांचं विमान यंदा स्पर्धेत पहिलं आलं आणि लिफ्टमध्ये लागलं.

असं काहीही झालेलं नाही. स्पर्धेला अजून सहा आठवडे आहेत, विमान सुट्या भागांच्या रूपात खोक्यात आहे आणि खोकं शिवणयंत्राखाली आहे. घरात आणखी एक विमान आल्याचं सासूबाईंना कळू नये म्हणून ते लपवलं, आणि सासूबाई दिवसातले सात तास ज्या शिवणयंत्रावर बसतात त्याच्याच खाली लपवलं. जागा आप्पांनी निवडली. माणूस स्वतःच्या पायाखाली कधी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी खोकं पायानं बाजूला सारलं, सारता सारता वरचं चित्र बघून घेतलं आणि दोन दिवस गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "घरात आता बारा विमानं झाली. मला अजून कुणी कुठे नेलं नाही."

आप्पांनी पाणी मागितलं.

हे सगळं पाहत होती ती त्यांची सून. लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. नवरा हवामान खात्यात. त्याचा अंदाज घरात कुणी विचारत नसे, छत्री घेऊ का हे सगळे सासूबाईंनाच विचारत. सून स्वतः कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून तिच्या प्रयोगशाळेत तोंडांचे साचे येत, साच्यावर नाव नसे, नुसता नंबर असे, आणि त्या नंबराला शोभतील असे दात ती मेणात बसवून द्यायची. माणसं तिला कधी दिसत नसत. एकशे ऐंशी नंबर फार घट्ट चावतो, दोनशे चार नंबर डाव्या बाजूनंच खातो, एवढंच तिला त्यांच्याविषयी ठाऊक असायचं, आणि तेवढं पुरतं असं तिचं मत होतं.

या कामात एक सवय हाडात भिनते. समोर ठेवलेली वस्तू आपल्याकडे तोंड करून बसलेली आहे असं धरायचं, आणि उजवं म्हणजे आपलं उजवं नाही, त्या तोंडाचं उजवं. सून बसमध्ये समोरच्या बाईला "तुमच्या उजवीकडे सरका" सांगून स्वतः डावीकडे हात करायची. ही सवय लक्षात ठेवा. या गोष्टीत जे काही बिघडतं ते तिनंच बिघडतं.

आता लिफ्टचं.

आप्पा चौतीस वर्षं लिफ्टमन होते. वाचनालयाची चार मजली इमारत, तिच्यात एक जुनी लिफ्ट. सरकती जाळी, पितळी दांडा, बसायला एक स्टूल, आणि डोक्यावर पाटी: क्षमता चार माणसं. चौतीस वर्षं आप्पा त्या पेटीतून लोकांना वर नेत होते आणि खाली आणत होते, आणि या सगळ्या प्रवासात ते इंचभरही पुढे सरकले नाहीत. त्यांच्या मुलानं लहानपणी शाळेच्या निबंधात 'माझे वडील रोज वर जातात' असं लिहिलं होतं. बाई संध्याकाळी घरी चौकशीला आल्या, तर आप्पांनीच दार उघडलं.

ते निवृत्त झाले त्या वर्षी शेजारी बटणांची नवी लिफ्ट आली. जुनीची मोटर भंगारात गेली, दोर कापला गेला, आणि पेटी होती तिथेच, तळमजल्यावर, अडकून राहिली. तिचं काय करायचं ते कुणाला सुचेना. शेवटी जाळी काढून काच बसवली, आत दिवा लावला आणि झालं प्रदर्शनाचं कपाट. वर्षातून एकदा प्रतिकृती मंडळाची स्पर्धा व्हायची. जुन्यात जुन्या विमानांची खोकी आणायची, आतले भाग जुळवायचे, आणि ज्याचं विमान पहिलं येईल त्याचं विमान वर्षभर लिफ्टमध्ये. हिरवं कापड घातलेल्या स्टुलावर.

स्टूल तेच. गेली चार वर्षं आप्पांच्या स्टुलावर दुसऱ्यांची विमानं बसत होती. त्यातली तीन वर्षं तर औषधवाल्याची, जो कोपऱ्यावरच्या दुकानात खोकल्याचं औषध देतानाही चिमट्यानं देतो. वर्तमानपत्र वाचायला आप्पा रोज वाचनालयात जायचे आणि काचेसमोर दोन मिनिटं उभे राहायचे. सुनेनं एकदा ते लांबून पाहिलं. आप्पा विमानाकडे बघत नव्हते. मागच्या पितळी दांड्याकडे बघत होते आणि त्यांचा उजवा हात आपोआप किंचित वळत होता.

त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं की यंदा स्टुलावर आप्पांचं विमान बसलं पाहिजे. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, शक्यता चाळीस टक्के.

अडचण दोन प्रकारची होती. पहिली म्हणजे आप्पांचे हात. गेल्या वर्षापासून ते थरथरायला लागले होते. कप धरताना नाही, हात देताना नाही, नेमकं बारीक काम समोर आलं की. दुसरी अडचण म्हणजे मंडळाचे चिटणीस. त्यांना सगळे मिलीमीटर म्हणत. निवृत्त वजनमापे निरीक्षक. खिशात पेन असतं तिथे त्यांच्या खिशात मापपट्टी असायची, आणि हस्तांदोलन केलं तरी त्यांनी पंजाचं माप घेतलं असं वाटायचं. परीक्षक तेच, नियम त्यांचेच. नियमावलीत एकतीस कलमं होती. सहाव्या कलमात चहाची वेळ होती. त्यापुढे मंडळातल्या कुणीही कधी वाचलेलं नव्हतं. मिलीमीटरना अकरा वर्षांत कुणी हसताना पाहिलं नव्हतं. ते बोलतानाही ओठ इतके थोडे उघडत की शब्द आडवे करून बाहेर काढावे लागत असणार.

खोकं शेवटी शिवणयंत्राखालून बाहेर आलं, कारण सासूबाईंनी ते टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "पाय अवघडतात माझे. काय ते उघड्यावर करा."

आप्पांनी झाकण काढलं आणि सुनेला इतिहास सांगायला बसले. आप्पांचा इतिहास मजल्यांत असे. १९०३ सालचं ते पहिलंवहिलं उड्डाण: बारा सेकंद, एकशेवीस फूट, उंची जेमतेम दहा फूट. "दहा फूट म्हणजे पहिल्या मजल्याचं दारसुद्धा उघडत नाही," आप्पा म्हणायचे. "आणि बारा सेकंद तर मला जाळी लावायलाच लागायची." १९०९ साली समुद्राची खाडी ओलांडणारं ते एका जोडी पंखांचं विमान साधारण अडीचशे फुटांवरून गेलं. पंचविसावा मजला. वाटेत कुणी घंटी वाजवली नाही म्हणून जमलं, असं आप्पांचं निदान.

खोक्यातलं विमान या दोघांच्या मधलं, १९०६ सालचं. नाव चौदा-बिस. ज्यानं ते बनवलं त्याच्याकडे चौदा नंबरचं एक फुग्याचं विमान होतं. नवं यंत्र आधी त्या फुग्याखाली टांगून पाहिलं, म्हणून याचं नाव 'चौदा, पुन्हा एकदा'. त्याचं रूप असं की पतंगाची खोकी एकमेकांना जोडावीत तसे पंख, ते मागे. फिरणारा पंखा त्याहून मागे. आणि शेपटासारखं दिसणारं खोकं लांब मानेवर पुढे. वैमानिक मधे वेताच्या टोपलीत उभा. बघणाऱ्याला वाटावं, विमान काहीतरी विसरलं म्हणून उलट्या पावली घरी निघालंय. तरी ते साठ मीटर उडालं, आणि पुढच्या महिन्यात दोनशेवीस.

"पण त्याआधी काय केलं माहितेय?" आप्पा पुढे झुकले. "उंच तार बांधली. विमान तारेला अडकवलं. आणि ओढायला गाढव लावलं."

सुनेला वाटलं थट्टा. आप्पांनी तीन पुस्तकं काढून दाखवली. तिन्हींत गाढव होतं. विमानाच्या इतिहासात उडायच्या आधी गाढव येतं ही गोष्ट तिला इतकी आवडली की तिनं ती दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत चार जणींना सांगितली. खोक्यात भाग एकशे बेचाळीस होते. गाढव नव्हतं.

काम सुरू झालं. आप्पांनी भाग कापले, घासले, वाळवले. टोपली त्यांनी खरी विणली, आठ दिवस लावून, हात टेबलावर दाबून धरून. पण पंखांच्या तारा राहिल्या. पन्नासच्या वर तारा, केसाएवढ्या, प्रत्येक नेमक्या ताणाची. पहिली तार बांधताना आप्पांचा हात असा थरथरला की तार तुटून चहात पडली. त्यांनी ती चमच्यानं काढली, पुसली, बाजूला ठेवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले की यंदा नाही भाग घेतला तरी चालेल, विमान घरात टांगू.

"तारा मी बांधते," सून म्हणाली.

तिनं विमान प्रयोगशाळेत नेलं. तिथे दिवे चांगले, भिंगं चांगली, आणि दात सरळ करायच्या तारेतली सगळ्यांत बारीक तार तिच्या खणात वेटोळं घालून पडलेली. तीन दुपारच्या सुट्ट्या लावून तिनं पंख बसवले आणि तारा बांधल्या. पंख चिकटवायला कवळीचाच डिंक वापरला. तिच्या हातचं चिकटलेलं आयुष्यात सुटत नसे. तिच्याकडच्या कवळ्या घालून लोक ऊस सोलत. विमान घरी आलं तेव्हा आप्पांनी एकेक तार नखानं हलकेच छेडून पाहिली. सगळ्या एका सुरात वाजल्या. आप्पा इतके खूश झाले की तारांच्या पलीकडे त्यांनी काही पाहिलंच नाही. रात्रभर विमान उशाशी ठेवून झोपले, असं सासूबाईंनी सकाळी तक्रारीच्या सुरात सांगितलं, पण सांगताना त्या हसत होत्या.

मग सुनेनं गाढव केलं. ते तिचं तिलाच सुचलं. मेणात घडवलं, मग कवळीच्या हिरड्या करायच्या गुलाबी मालात ओतलं, वरून राखाडी रंग. अंग ठीक जमलं, कान बरे जमले, पण तोंडाशी आल्यावर हात थांबेना. दात नीट करायचे तर तोंड मोठं हवं, तोंड मोठं तर डोकं मोठं, डोकं मोठं तर गाढव मोठं. शेवटी गाढव विमानापुढे उभं राहिलं तेव्हा त्याच्या पाठीवर वैमानिकाचं अख्खं कुटुंब बसलं असतं. पण दात असे झाले होते की कुणीही बघत राहावं. दातांची ठेवण तिला आठवावी लागली नव्हती. त्या आठवड्यात टेबलावर दोनशे सतरा नंबरचं काम होतं. ते तोंड मोठं हट्टी: वरचा डावीकडचा दुसरा दात अर्धा मिलीमीटर वाकडा हवा, मूळचा तसाच होता, अशी लेखी मागणी. कवळीत मुद्दाम वाकडा दात मागणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटलं होतं. तिनं चार वेळा तो दात फिरवला आणि पाचव्यांदा गाढवालाही तस्साच बसवला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी सून विमानावरची धूळ फुंकायला बसली. तिनं फुंकर मारली आणि तिचे गाल फुगलेलेच राहिले.

विमानाच्या पंखाची एक कड जाड, गोलसर असते आणि एक पातळ. जाड कड पुढे. हे आप्पांनी तिला सांगितलं होतं. या विमानाची जाड कड मागे होती. सगळ्या पंखांची. कारण काय, तर तिनं पंख बसवताना नेहमीप्रमाणे विमानाचं तोंड आपल्याकडे केलं होतं, आणि तोंड म्हणजे फिरता पंखा, हे तिनं धरूनच चाललं होतं. घरातल्या खाडीवाल्या विमानाला पंखा तोंडाशीच होता. या विमानानं मात्र तोंड शेपटासारखं केलं होतं आणि शेपटीला पंखा लावला होता. तिनं अख्खी कवळी घशाच्या बाजूनं बसवली होती.

चार तास होते. डिंक कवळीचा होता.

आप्पा दाढी करत होते. ती दारात उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पंख उलटे आहेत, तिनं उलटे लावले, निघणार नाहीत, जबरदस्ती केली तर तुटतील. आप्पांच्या गालावर अर्धा साबण होता. ते बाहेर आले, विमान उचललं, भिंगातून पाहिलं, फिरवून पाहिलं. सासूबाईंनी यंत्र थांबवलं.

"म्हणजे हे पुढे नाही जाणार," आप्पा म्हणाले.

"नाही."

"मागे?"

तिनं विचार केला. "मागेही नाही. पुढचं खोकं जाऊ देणार नाही."

"मग काय करेल?"

"काही नाही आप्पा. फार तर वर-खाली."

आप्पांच्या गालावरचा साबण वाळत होता. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि सुनेला वाटलं आता हे रडणार, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात कळलं की ते हसताहेत. खुर्चीत बसून, विमान पोटाशी धरून हसत होते. "अगं, मग ही लिफ्ट झाली की," ते म्हणाले. "इतकी विमानं केली, पण माझं असं हे पहिलंच."

सासूबाई म्हणाल्या की साबण पुसा आधी.

सुनेचं म्हणणं होतं की विमान न्यायचंच नाही. सासूबाईंचं म्हणणं, न्या, पण अशा कोनात ठेवा की मिलीमीटरला पंख दिसणार नाहीत. नवऱ्यानं शक्यता पाच टक्क्यांवर आणली. आप्पांनी कुणाचंच ऐकलं नाही. चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे असताना दार उघडून 'आला मजला' असं सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पुठ्ठ्याची पाटी कापली आणि तिच्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं. अक्षर थरथरलं, तर थरथरू दिलं.

वाचनालयाच्या तळमजल्यावर लांब टेबल मांडलं होतं. सात विमानं होती. औषधवाल्याचं खाडी ओलांडणारं विमान इतकं सुंदर होतं की सून स्वतःच दोनदा बघून आली आणि दुसऱ्यांदा जास्त वाईट वाटलं. आप्पांनी टेबलाच्या टोकाशी दोन खुर्च्यांच्या पाठींना तार बांधली, चौदा-बिस तारेला अडकवलं, पुढे गाढव उभं केलं, शेजारी पाटी ठेवली आणि काचेच्या लिफ्टकडे पाठ करून बसले.

मिलीमीटर एकेक विमान मोजत आले. औषधवाल्याकडे पाऊण तास. डाव्या चाकाची एक काडी पाव मिलीमीटर जाड, मागची एक तार सैल, शेपटाचा रंग एक छटा गडद. प्रत्येकी एक गुण गेला. शंभरातले सत्त्याण्णव. औषधवाला खूश होता, सत्त्याण्णव त्याला नेहमी पुरत.

मग ते आप्पांपाशी आले. पाटी मोठ्यानं वाचायचा त्यांचा रिवाज होता. ओठ न उघडता त्यांनी वाचली:

"'चौदा-बिस, १९०६, गाढवाकडून चाचणी. पंख उलटे बसले आहेत, त्यामुळे हे विमान पुढे जात नाही व मागेही जात नाही. चूक सुनेची नाही. तोंड कुठे आहे हे विमानानेच नीट सांगितलेले नाही. टोपली बरोबर आहे. गाढव मापात नाही.'"

टेबलाभोवती हशा पिकला. सुनेला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मिलीमीटरनी पंख मोजले. उलटे होते. टोपली मोजली. बरोबर होती. तारा छेडल्या, आणि एक भुवई जराशी वर गेली. मग गाढवाला पट्टी लावली. "त्र्याहत्तर मिलीमीटर. प्रमाण एकास अठ्ठेचाळीस." ते थांबले. "म्हणजे तीन मीटर, पन्नास सेंटीमीटर आणि चार मिलीमीटर उंचीचं गाढव. असं झालेलं नाही."

"मापात नाही, असं लिहिलंय," आप्पा म्हणाले.

मिलीमीटरनी भिंग काढलं आणि गाढवाच्या तोंडाजवळ नेलं. बराच वेळ ते वाकूनच राहिले. मग त्यांच्या गालाच्या आत जिभेचा एक उंचवटा दिसला. तो डावीकडे गेला, वर गेला आणि एका जागी थांबला.

"हा दात," ते म्हणाले, आणि या वेळी ओठ नेहमीपेक्षा जास्त उघडले. "वरचा, डावीकडचा दुसरा. हा मुद्दाम वाकडा केलाय?"

सुनेनं त्यांच्या उघड्या तोंडात पाहिलं आणि तिला तिचं काम दिसलं. चार वेळा फिरवून पाचव्यांदा जमलेला दात. समोर दोनशे सतरा नंबर उभा होता.

खोटं बोलायला तिला वेळच मिळाला नाही. "हो," ती म्हणाली. "मागणी तशी होती. अर्धा मिलीमीटर."

"किती वेळा फिरवलात?"

"चार वेळा काढून परत बसवला."

मिलीमीटर सरळ उभे राहिले. त्यांनी गाढवाकडे पाहिलं, गाढवानं त्यांच्याकडे. आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदा, सगळ्या मंडळासमोर, मिलीमीटर हसले. आवाज न करता, पण संपूर्ण, बत्तीसच्या बत्तीस. समोरासमोर दोन तोंडं एकच हसू हसत होती, एक दुसऱ्यापेक्षा मोठं, आणि मोठं कुठलं ते क्षणभर कुणाला सांगता आलं नसतं. औषधवाल्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि शहाणपणानं मिटलं.

"दंतवैद्यांनी काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर त्यानं सरळ करून दिला असता," मिलीमीटर सुनेला म्हणाले. "आईचा दात असाच होता माझ्या, माझाही तसाच आला. सगळे म्हणाले, या वयात वाकडा दात कशाला."

मग त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, हसू आत ठेवलं आणि नियमावली उघडली. सगळ्यांना वाटलं आता उलट्या पंखांचे गुण कापणार, आणि पंख होते सहा खोक्यांचे. मिलीमीटरनी सहावं कलम ओलांडून पान उलटलं तेव्हा मंडळात चुळबुळ झाली. तिकडे कुणी कधी गेलेलं नव्हतं.

"कलम नऊ," त्यांनी वाचलं. "'स्पर्धकाने आपल्या प्रतिकृतीतील चूक परीक्षणापूर्वी लेखी कळवल्यास तिचे गुण कापले जाणार नाहीत.'" त्यांनी पुस्तक मिटलं. "हे कलम मी पहिल्या वर्षी घातलं. वाटलं, सगळेच कळवतील. अकरा वर्षांत एकानंही नाही. मला वाटायचं मंडळात कुणाकडून चूकच होत नाही, तरी मला दरवर्षी सापडतात कशा." ते आप्पांकडे वळले. "पंख कळवलेत. गाढव कळवलंत. टोपली बरोबर. तारा..." त्यांनी एक तार पुन्हा छेडली. "तारांना कापायला काही सापडलं नाही. शंभर."

औषधवाल्यानं पहिल्यांदा नियमावली मागून घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या दहाव्या कलमापासून पुढे वाचायला लागला. वाचता वाचता आप्पांच्या पाठीवर थाप मारून गेला, आणि थापही चिमट्यानं मारल्यासारखी दोन बोटांनीच मारली.

काच सरकवली गेली. आप्पा आत गेले. सुनेनं विमान दिलं, मग गाढव दिलं. स्टुलावर दोन्ही मावेनात, म्हणून गाढव खाली लिफ्टच्या दारातच उभं केलं, नव्या येणाऱ्याला आत घेतंय असं. आप्पांनी विमान स्टुलावर ठेवलं आणि थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग सवयीनं पितळी दांडा धरला. हात थरथरला नाही, हे फक्त सुनेनं पाहिलं.

"कुठला मजला?" तिनं बाहेरून विचारलं.

आप्पांनी दांडा वळवला. काही झालं नाही, व्हायचं नव्हतंच. पण सासूबाईंनी मागून विचारलं की एवढ्या लोकांसमोर वर चाललात, मला नेणार आहात की नाही, आणि आप्पांनी जागच्या जागी वळून सुनेकडे कागद मागितला.

त्या संध्याकाळी लिहिलेला अर्ज तेव्हापासून संबंधित शाखेच्या टपालात आहे. त्याची प्रत लिफ्टच्या काचेवर आतल्या बाजूनं चिकटवलेली आहे, कवळीच्या डिंकानं, त्यामुळे ती काढता येत नाही:

"प्रति, मा. निरीक्षक, उद्वाहन शाखा.

विषय: एकदाच वर जाऊ देण्याबाबत.

महोदय, प्रस्तुत विमान पुढे अथवा मागे जाण्यास असमर्थ असून केवळ वर-खाली जाण्यास योग्य आहे, हे स्पर्धेच्या परीक्षकांनी शंभरपैकी शंभर गुण देऊन मान्य केले आहे. तरी वाचनालयातील बंद उद्वाहनास त्याची भंगारात गेलेली मोटर, कापलेला दोर व तिसऱ्या मजल्यावरील पोकळी (जीत सध्या झेरॉक्सवाले बसतात) एका दिवसापुरती परत मिळावी. झेरॉक्सवाल्यांची हरकत नाही. मशीन उचलायला दोन माणसे द्यावीत, एवढीच त्यांची अट आहे.

उद्वाहनाची क्षमता चार माणसांची आहे. प्रवासी पुढीलप्रमाणे: अर्जदार (चालक, चौतीस वर्षांचा अनुभव); अर्जदाराची पत्नी (जिला अद्याप कुठेही नेलेले नाही); सून (तारांची जबाबदारी); आणि गाढव, जे कागदोपत्री ३.५०४ मीटर भरत असले तरी प्रत्यक्षात हातात मावते. अर्जदाराचा मुलगा खालून हवामान कळवील.

तळमजला ते चौथा मजला या उड्डाणाची उंची, कालावधी व वाटेत कुणी घंटी वाजवल्यास ती, यांची विमानविद्येच्या इतिहासात यथास्थित नोंद व्हावी, आणि त्या नोंदीत गाढवाचे नाव यावेळी न विसरता घालावे, ही नम्र विनंती.

परतीचा प्रवास जिन्याने केला तरी चालेल."